माझा एक हात वर होईना

माणसांशी कसं बोलावं हे मला कळत नाही, असं आमच्या घरातलं मत आहे. पण कचेरीशी कसं बोलावं हे मला कोणी शिकवू नये! चौतीस वर्षं मी लोकांच्या पत्रांना उत्तर न देण्याच्या जागेवर नोकरी केली आहे. शत्रूची सगळी हत्यारं मीच धार लावून ठेवलेली! त्यामुळे फिजिओथेरपीच्या ताई जेव्हा म्हणाल्या, "काका, विमा कंपनीने तुमचे पुढचे उपचार नामंजूर केलेत," तेव्हा खरं सांगतो, मला आनंदच झाला.

माझा उजवा खांदा आखडला होता. उशीला खोळ चढवावी तसा ही मला शर्ट चढवायची. "हात घाला. अहो, तो नाही, दुसरा! उशी परवडली, ती मध्ये बोलत तरी नाही." भांगही तीच पाडायची. रागात असली की भांग वाकडा. तेव्हा हात वर जाणं ही माझ्या अब्रूची गोष्ट होती.

कंपनीने सहा बैठका मंजूर केल्या होत्या. त्या सहा बैठकांत ताईंनी माझा हात, माझ्या आरडाओरड्यासकट, साठ अंशांवरून पंच्याऐंशीवर नेला. अंश मोजायला त्यांच्याकडे कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ असतो. त्यावर कंपनीचं उत्तर आलं: 'रुग्णात सुधारणा आहे, सबब पुढील उपचारांची गरज नाही.'

"आणि सुधारणा नसती तर?"

ताईंनी शेजारच्या खाटेवरच्या आजींकडे बोट केलं. "यांच्या गुडघ्यात नव्हती. 'सुधारणा नाही, सबब उपचार निरुपयोगी.'"

"मग माणसाने करायचं तरी काय?"

"थोडंसं बरं व्हायचं, काका. पण कोणाच्या लक्षात येणार नाही इतपत."

हे त्या मान न वळवता म्हणाल्या. कारण मान वळतच नव्हती! अर्धा तास उपचार करायचे आणि त्यापायी तासभर कंपनीशी बोलायचं. तेही हात रुग्णाच्या खांद्यावर आणि फोन स्वतःच्या खांद्यावर, कानाने दाबून. दुसऱ्यांच्या माना सोडवणारी बाई स्वतः खांबासारखी ताठ फिरत होती. माझं रक्त उसळलं. बावीस वर्षं हप्ते भरले मी! 'आपली प्रकृती उत्तम आहे, सबब हप्त्याची गरज नाही,' असं पत्र एकदा तरी आलं का?

"ताई, तो फोन इकडे द्या!"

"नको हो काका. मी परवा पुन्हा अर्ज करतेय."

"अर्ज दुबळे करतात!"

पाऊण तास मी फोनवर एकच धून ऐकली. मध्येमध्ये एक बाई सांगायची की माझा वेळ त्यांच्यासाठी मोलाचा आहे. असणारच, फुकट घेत होत्या ना! शेवटी ठरलं की कंपनीचे डॉक्टर उद्या अकराला व्हिडिओवर माझा खांदा पाहतील.

दुसऱ्या दिवशी हिने फोन धरला. समोर टायवाले गृहस्थ उगवले.

"आपण हाडांचे डॉक्टर?" मी सुरुवातीलाच कोंडीत पकडलं.

"दातांचा."

"दातांचे?"

"कंपनीने मला खांदे दिलेत. उजवा हात वर करा."

केला. पंच्याऐंशीला अडला.

"वयाच्या मानाने पुष्कळ आहे. याच्या वर तुमचं असं काय काम असतं?"

"शर्ट घालायचा असतो!"

"तो तर घातलाय तुम्ही."

"हिने घातलाय!"

"म्हणजे घरात सोय आहे," असं म्हणत त्यांनी ते लिहूनही घेतलं.

माझा तोल गेला. "कोर्टात खेचीन तुम्हाला!" अशी गर्जना करून मी हात आभाळाकडे उगारला. डावा. चांगला.

"तसाच ठेवा!" डॉक्टर ओरडले. "एकशे ऐंशी अंश! पूर्ण!"

"अहो, हा डावा आहे!"

"माझ्या इकडून उजवीकडे दिसतोय."

"तुम्ही समोर बसलाय म्हणून!"

"मग मी समोरूनच लिहिणार ना?"

फोन बंद.

"हात दाखवून अवलक्षण," ही म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

चौथ्या दिवशी ताईंना पत्र आलं. रुग्ण ठणठणीत असताना उपचार का मागितले, याचा खुलासा करा! आणि तुमच्या सगळ्या एकतीस रुग्णांची व्हिडिओवर फेरतपासणी होईल! आठवडाभर कोणाच्या दुखऱ्या अंगाला हात लागला नाही. सगळे रांगेने फोनसमोर. चौकशी माझ्या प्रकरणातून निघालेली, म्हणून छापील प्रश्नही माझाच. कंबरवाला असो, टाचवाली असो, हुकूम एकच: हात वर करा! आजींनी भाबडेपणाने दोन्ही केले. गुडघा पूर्ण बरा झाल्याची नोंद झाली.

"मग मला उठता का येत नाही रे बाळा?" आजींनी फोनला विचारलं. पण कंपनीने केव्हाच हात वर केले होते.

शनिवारी ताईंनी दारावर पाटी लावली: 'येथे आरोग्य विमा स्वीकारला जात नाही.'

"ही शरणागती आहे!" मी कडाडलो.

"काका, मला हात दोनच आहेत. खुलासे लिहू की खांदे सोडवू?"

"आणि ज्यांना खिशातून परवडणार नाही त्यांनी?"

 आजींना ताईंनी दुपारची वेळ दिली, जमेल ते द्या म्हणाल्या. बाकीच्यांपैकी अकराजण मात्र पुन्हा दिसले नाहीत. त्यांच्या वेळेला रिकाम्या राहणाऱ्या खाटांकडे बघून मला अजूनही संताप येतो. कंपनीचाच. मुख्यतः कंपनीचाच.

ताईंचा फोनवर जाणारा तास आता रुग्णांच्या वाट्याला येऊ लागला. माझ्या खांद्याने तो पुरेपूर भोगला! दोन महिन्यांत माझा हात कानाला लागला आणि ताईंची मान दोन्ही बाजूंना वळू लागली.

परवा आम्ही दोघं तिथे बाकावर बसलो होतो. एक नवे कंबरवाले गृहस्थ वाकलेल्या स्थितीत आले, पाटी वाचली आणि भडकले.

"विमा चालत नाही म्हणजे काय! कोणामुळे बंद झालं हे? कोणामुळे?"

 ताईंनी नुकतीच मोकळी झालेली मान सावकाश माझ्याकडे वळवली. मी भिंतीवरचं मणक्याचं चित्र बारकाईने पाहू लागलो.

हिने मला कोपराने ढोसलं. "अहो, ते विचारतायत ना. करा की हात वर, आता जातो!"

मी म्हटलं, "आज जरा दुखतोय."