चुका शोधा

अफवा म्हणजे चुकीचं उत्तर, आणि चुकीच्या उत्तरांशी मास्तरांची चाळीस वर्षांची ओळख होती. हातचा विसरून केलेल्या बेरजा त्यांनी इतक्या तपासल्या होत्या, की एकीपुढे एक मांडल्या असत्या तर चंद्रापर्यंत पोचून वर चार वह्या उरल्या असत्या. त्यामुळे मेहुण्याने फोन पुढे केला तेव्हा ते मुळीच बिचकले नाहीत.

मेहुणा पोस्टातून निवृत्त झालेला. जन्मभर लोकांची पत्रं न उघडता पुढे पोचवली, तीच शिस्त तो फोनवरही पाळायचा.

"दाजी, तुमच्या संस्थेचं प्रकरण बाहेर आलंय."

संस्था मास्तरांची नव्हती. ती गरिबांच्या मुलांना चष्मे द्यायची, आणि तिच्या तळघरात मास्तर रोज संध्याकाळी मुलांना वाचायला शिकवायचे, हौसेने. फोनवरचा मजकूर सांगत होता, की संस्थेमागे बडी मंडळी आहेत, चष्म्याच्या निमित्ताने ती मुलांचे डोळे मोजून श्रीमंतांना विकतात आणि तळघरातल्या कुलूपबंद खोलीत भुयार आहे.

"भुयार जातं कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"ते दिलं नाहीये. शहाण्याला कळतं."

"तुला कळलं?"

"मी कुठे वाचलंय? मी फक्त पाठवलं. दोनशे जणांना."

"उद्या तासाभरात निकालात काढतो," मास्तर बायकोला म्हणाले.

"अहो, नका पडू त्यात. तुम्ही समजवायला लागलात की समोरचा होता त्याहून गोंधळतो."

पण मास्तरांना घाई होती, आणि तिचं कारण होतं भिंगरी. शिंप्याची ही नऊ वर्षांची मुलगी शाळेत ढ म्हणून मागच्या बाकावर टाकून दिलेली. संस्थेने चष्मा दिला तेव्हा कळलं, की पोरीला फळाच दिसत नव्हता. तीन आठवड्यांत ती जोडाक्षरांपर्यंत आली होती. अजून एक महिना मिळाला, तर ती आपली आपण वाचू लागणार होती, मग तिला मास्तरांचीही गरज उरली नसती. आणि परवापासून एकेक पालक "पोराला जरा बरं नाही" म्हणू लागला होता.

मास्तरांची एक जुनी पद्धत होती. फळ्यावर वर "चुका शोधा" लिहायचं, खाली धडधडीत खोटी वाक्यं लिहायची, आणि मुलांनी ती खोडायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: "ही संस्था मुलांचे डोळे विकते. त्या खोलीत भुयार आहे."

मुलं खूश झाली. "सर, डोळे विकले तर चष्मा कशाला देतील?" भिंगरीने विचारलं, आणि मास्तरांना वाटलं, झालं, जग सुधारलं.

तेवढ्यात न्हाव्याची बायको मुलाला न्यायला आली. तिने दारातूनच फोटो काढला. फोटोत फळा आला, दोन्ही वाक्यं आली, आणि "चुका शोधा" जिथे होतं तिथे एका उंच मुलाचं डोकं आलं.

तो फोटो मास्तरांच्या आधी घरी पोचला होता. खाली लिहिलं होतं, "संस्थेच्याच मास्तरांची कबुली."

"दाजी, अक्षर तुमचंच आहे," मेहुणा आदराने म्हणाला. गावातल्या अर्ध्या लोकांनी ते अक्षर गिरवून हात बसवला होता. त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं.

मास्तरांनी लगेच खुलासा लिहिला. सविस्तर, मुद्देसूद, सोळा परिच्छेदांचा. पहिलं उत्तर मिनिटभरात आलं: "एवढं लांबलचक निर्दोष माणूस लिहीत नाही." दुसरं आलं: "मास्तरांना धमकावून लिहून घेतलंय. काळजी घ्या सर."

"आता काय करणार?" बायकोने विचारलं.

"खोलीच उघडून दाखवतो."

संस्था चालवणाऱ्या बाईंनी किल्ली दिली. तीस-चाळीस पालक जमले. कुलूप निघालं. आत मोडक्या खुर्च्या, एक गळका पंप आणि दोन मोठी खोकी. भुयार नव्हतं.

"बुजवलं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"एका रात्रीत?" मास्तर म्हणाले.

"बड्या लोकांना काय अवघड आहे?"

मास्तरांनी शांतपणे एक खोकं उघडून दाखवलं. आत वाटायला आणलेले लहान मुलांचे शे-दीडशे चष्मे होते. मग न्हाव्याची बायको हळूच म्हणाली, "चष्मे इथे आहेत. मग मुलं कुठे गेली?"

बाईंनी त्याच संध्याकाळी दारावर कागद लावला: मुलांच्या सुरक्षिततेसाठी वर्ग बंद.

दोन दिवसांनी शिंपी घरी आला. मास्तरांचाच विद्यार्थी, सरळ माणूस. त्याने रुमालात गुंडाळलेला छोटा चष्मा टेबलावर ठेवला.

"सर, हा परत घ्या. तुमच्यावर राग नाही."

"अरे, तिला दिसणार नाही त्याशिवाय. वर्ग राहू दे, चष्मा तरी ठेव तिच्याकडे."

"घरात ठेवायला तिची आई तयार नाही. आणि पोरगी रडतीये, ती वेगळीच."

"मी घरी येऊन शिकवतो. तुझ्यासमोर. तू मशीन चालव, आम्ही कोपऱ्यात बसू."

"शेजारी बघतात, सर."

"तुला स्वतःला खरं वाटतं हे?"

"फोनवरचं? छे. फोनवर काय वाटेल ते येतं."

"मग?"

"पण ते फळ्यावर होतं ना, सर. तुमच्या अक्षरात." शिंपी अगदी समजावणीच्या सुरात बोलत होता. "तुम्हीच आम्हाला चौथीत सांगायचात. फळ्यावर असेल ते उतरवून घ्या, मध्ये प्रश्न विचारू नका."

मास्तरांनी आठवून पाहिलं. चौथीच नव्हे, प्रत्येक वर्गाला, चाळीस वर्षं, रोज. त्यांनी चष्म्याच्या काड्या नीट मिटल्या. शिंपी उत्तराची वाट बघत उभाच होता, जसा तेव्हा राहायचा.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "बस खाली."