छातीठोकांची पेशी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे छातीठोक म्हणत. उद्याच्या हवेपासून परवाच्या निकालापर्यंत सगळं ते आधीच सांगून मोकळे होत.

काम होतं फुप्फुसाच्या कर्करोगाचं. गाठीच्या तुकड्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि एकेकीला वेगळं गाठून तिच्यातली कोणती जनुकं जागी आहेत ते वाचायचं. जमावातल्या प्रत्येकाची स्वतंत्र जबानी घेतल्यासारखं. नेमकं तेव्हाच, मास्क हनुवटीवर ओढून, उघड्या नळीवर वाकून बोलत राहायची छातीठोकांना खोड. नळ्या हाताळण्यात केस पिकलेल्या मावशी "तोंड झाका" सांगून थकल्या होत्या.

एकदा एका बाईंच्या गाठीतल्या आठ हजार पेशी वाचून झाल्या, तर पडद्यावर, जिथे एक ठिपका म्हणजे एक पेशी, बाकी सगळ्या ठिपक्यांपासून फटकून अकरा ठिपके बसलेले. छातीठोकांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, कर्करोगाची नवी पेशी सापडली. माणूस तीन वर्षं हंगामी. नोकरी कायम करायची की नारळ द्यायचा, हे प्रमुखबाई शुक्रवारी ठरवणार होत्या. छातीठोकांनी बायकोला कळवलं, सासऱ्यांना कळवलं, पेशीला स्वतःचं नाव द्यायचंही ठरवून टाकलं.

मावशी पडद्याकडे बघत राहिल्या. "अहो, या अकरांत पुरुषांची जनुकं दिसतायत. पेशंट तर बाई आहे."

"म्हणून तर नवी म्हणतोय, मावशी."

"आणि या दिसतायत गालाच्या आतल्या पेशींसारख्या."

"फुप्फुसात गाल. बघा, केवढा शोध लागला."

मावशींनी वाद घातला नाही. छातीठोकांचं तोंड उघडंच होतं. त्यात कापसाची काडी फिरवली आणि तपासायला धाडली. गुरुवारी निकाल आला. त्या अकरा पेशींशी तंतोतंत जुळला.

"नाव तुमचंच द्या," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पेशी तुमचीच आहे."

शुक्रवारी छातीठोक प्रमुखबाईंसमोर उभे राहिले. आता तरी आवाज खाली येईल, असं मावशींना वाटलं. पण त्यांनी आपली चूक कबूल केली ती छाती पुढे काढूनच. "बाई, माझ्या बडबडीतून उडालेल्या अकरा पेशी आम्ही आठ हजारांतून हुडकल्या. मग गाठीतली चोर पेशी लपणार कुठे?"

प्रमुखबाईंनी हसू दाबून नोकरी कायम केली. अट एकच, मास्क नाकावर.

तेव्हापासून छातीठोक मास्कच्या आतून भाकितं करतात. बाहेर कुणाला एक अक्षर कळत नाही. त्यामुळे त्यांचं एकही भाकीत आजवर खोटं ठरलेलं नाही.