न आलेलं आकाश

थर्रर्र... ताटल्यांच्या चळतीवर ठेवलेला मोबाइल थरथरला आणि स्वयंपाकघरातली भांडी कडाक्याच्या थंडीत दात वाजावेत तशी वाजू लागली.

दुपारची ती वेळ त्या घरात सगळ्यांत मोलाची. मुंगी झोपलेली, सासूबाई तोंडावर पेपर घेऊन त्यातल्या बातम्यांना घोरून दाद देत असलेल्या, आणि मुंगीची आई शिलाई मशीनवर चोरपावलांनी, म्हणजे अक्षरशः चोराच्या पावलांनी, पाय चालवत गिऱ्हाइकाचे पडदे शिवत असलेली. मोबाइल ताटल्यांवर ठेवायचं कारण एवढंच, की मुंगीचा हात पोहोचणार नाही अशी तेवढीच एक जागा घरात उरली होती. पोरीला मुंगी म्हणायचे तेही उगीच नाही. ती कुठूनही कुठेही चढायची.

आईने धावत जाऊन मोबाइलचा गळा दाबला. मेसेज होता, 'अभिनंदन! तुमचे पार्सल तुमच्या हाती पोहोचले आहे. आनंद घ्या!'

तिने हातांकडे पाहिलं. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात कात्री. मग दार उघडून पाहिलं. चपला, पायपुसणं आणि ऊन. पायपुसण्याखालीही पाहिलं. माणूस अशा वेळी पाहतो.

समोरच्या काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नाही गं, माझ्याकडे नाही दिलं कुणी. काय होतं त्यात?"

"आकाश," तिच्या तोंडून निघून गेलं.

तसं ते आकाशच होतं. मुंगीला अंधाराची भीती वाटायची. भुताची नाही, अंधाराचीच. "अंधारात काहीच नसतं ना, म्हणून," असं तिचं म्हणणं. त्यामुळे ती रोज आईबाबांच्या मध्ये आडवी झोपायची. डोकं बाबांच्या बरगड्यांत आणि पाय आईच्या तोंडावर. शेवटी आई म्हणाली, "आपण अंधारात चांदण्या आणू. मग झोपशील तुझ्या खोलीत?" मुंगीने बराच विचार करून हो म्हटलं. मग आईने पडद्यांच्या पैशांतून छतावर चांदण्या पाडणारा दिवा मागवला, आणि मुंगीने शाळेतल्या बाईंना, वाण्याला, दाताच्या डॉक्टरला, सगळ्यांना सांगून टाकलं, "आमच्या घरी आकाश येणार आहे."

आता ते 'पोहोचलं' होतं.

कंपनीच्या ॲपमध्ये तक्रारीची खिडकी होती. त्या खिडकीत माणूस नव्हता, पण जे काही होतं ते बोलायचं मात्र फार गोड.

आईने लिहिलं, 'पार्सल मिळाले नाही.'

'अरेरे! ऐकून वाईट वाटले. कृपया पार्सलचा फोटो पाठवा.'

'पार्सल मिळालेलेच नाही.'

'समजले. कृपया न मिळालेल्या पार्सलचा फोटो पाठवा.'

आई चाट पडली. एवढ्यात सासूबाई पेपर बाजूला सारून उठल्या. सगळं ऐकून त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. "मागतायत तर देऊन टाक. पण नीट काढ हो. पार्सल नाहीये हे स्वच्छ दिसलं पाहिजे."

त्यांनी स्वतः दारापुढची जागा झाडली, चपला बाजूला केल्या, पायपुसणं झटकून सरळ अंथरलं. "परक्या लोकांत जाणार फोटो. घर कसं ठेवलंय ते दिसतं." आईने मोठ्या अदबीने, गुडघ्यावर बसून, नसलेल्या पार्सलचा फोटो काढला.

पापणी लवते न लवते तोच उत्तर आलं. 'धन्यवाद! फोटोत वस्तू दिसली. आपल्याला पायपुसणे मिळाले आहे. वस्तू पसंत नाही का?'

"नाही म्हण," सासूबाई म्हणाल्या. "आपल्याला पायपुसणं नकोच होतं."

आईने 'नाही' दाबलं. 'काळजी नसावी! वस्तू परत न्यायला उद्या आमचा माणूस येईल.'

संध्याकाळी बाबा कामावरून आले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यामुळे अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची त्यांना सवय होती. "अगं, येऊ दे त्याला. समोर उभं राहून सांगितलं की पटतं माणसाला."

मुंगीला मात्र काही पटेना. ती उशी घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभी होती. "आई, मोबाइल म्हणाला ना, आकाश आलं? मग कुठाय?" आणि तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

हा ओठ आईला बघवत नसे. ती उठली. माळ्यावर सासूबाईंनी 'लागतं कधी' म्हणून ठेवलेलं मिक्सरचं रिकामं खोकं होतं, ते तिने खाली घेतलं आणि सुयांची डबी उघडली. जाड कापडाच्या दणकट सुईने ठसठशीत चांदण्या, रोजच्या सुईने मधल्या, आणि रेशमावर चालते त्या केसासारख्या सुईने अगदी बारीक, डोळे किलकिले केल्यावरच दिसतील अशा. भोकं पाडता पाडता ती आपण कशासाठी पाडतोय हेही विसरली. हाताला सवय होती ती सरळ शिवणीची. पण आज सुई मनाला येईल तिकडे जात होती. कुठे दाटी, कुठे मोकळं. मग मुंगीच्या खोलीत नेऊन खोक्यात टॉर्च ठेवला आणि दिवा बंद केला.

छत नाहीसं झालं होतं. पंख्याचं पातं, भिंतीचा पोपडा, कपाटावरच्या गाद्या, सगळ्यांवर चांदणं सांडलं होतं. बाबा मोज्यांसकट जमिनीवर आडवे झाले. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अगं बाई!" त्या एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघणं हीसुद्धा त्या घरातली मोठीच गोष्ट होती.

मुंगी मधोमध उताणी पडून बघत होती. बघता बघता झोपली. तिच्या स्वतःच्या खोलीत, एकटी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्सलवाला आला. घामाघूम, पाठीवर घराएवढी पिशवी.

"मॅडम, दिवा परत द्यायचाय ना?"

"दादा, दिवा आलाच नाही."

"मग परत काय नेऊ?"

"काहीच नेऊ नका. तेच तर सांगतेय."

त्याने मोबाइल तिच्यासमोर धरला. "हे बघा, मला दोनच बटणं आहेत. 'वस्तू तपासली' आणि 'ग्राहकाने वस्तू दिली नाही'. हे दुसरं दाबलं की तुमचे पैसे गेलेच समजा. 'वस्तू आलीच नाही' असं बटणच नाही दिलेलं."

"मग पायपुसणं न्या!" आतून सासूबाई ओरडल्या. "त्यांच्या हिशेबी तेच आहे!"

"आजी, माझ्याकडे दिवा लिहिलंय. छतावर चांदण्या पडतात तो."

हे ऐकून मुंगी दोघांच्या पायांमधून पुढे आली. "चांदण्या आहेत आमच्याकडे! दाखवू?"

"मुंगी, गप्प," आई म्हणाली. पण ते म्हणेपर्यंत पार्सलवाल्याचा हात मुंगीच्या हातात आणि पार्सलवाला खोलीत होता. मुंगीने माप बघायला खिडकीवर टांगलेले गिऱ्हाइकाचे जाड पडदे ओढले. पडदे आईच्या हातचे, उन्हाला आत यायची सोय नव्हती. टॉर्च लागला.

पार्सलवाला वर बघतच राहिला. पाठीवरची पिशवी त्याने हळूच उतरवून खाली ठेवली, जशा देवळाबाहेर माणसं चपला काढतात. मग बसला. मग, कुणी आग्रह केला नव्हता तरी, आडवा झाला.

"दिवसभर जिने चढतो," तो म्हणाला. "वर कधी बघितलंच नाही."

मुंगी त्याच्या शेजारी आडवी झाली. "ती जाडी आहे ना, ती आजी आहे."

"ऐकू येतं हं मला!" सासूबाई म्हणाल्या.

जाताना त्याने छताचा एक फोटो काढला. "एक नंबर वस्तू आहे, मॅडम. परत कशाला करताय?" आणि आई 'अहो, अहो' म्हणेस्तोवर त्याने भारावल्या अंगठ्याने बटण दाबून टाकलं.

ताटल्या थरथरल्या. 'वस्तू तपासली. वस्तू उत्तम. ग्राहक समाधानी. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.'

आता मात्र आईचा पारा चढला. तिने कंपनीचा नंबर शोधून काढला. बराच वेळ सनई की शिट्टी कळेना असं काहीतरी ऐकल्यावर एक मुलगी बोलू लागली. आईने फोन स्पीकरवर ठेवला, म्हणजे सासूबाईंना मधे मधे बोलता यावं.

"मॅडम, आमच्या नोंदीत फोटो आहे. छतभर चांदण्या दिसतायत. म्हणजे दिवा मिळालाय."

"त्या मी पाडल्यात! सुईने!"

"सुईने?"

"मिक्सरच्या खोक्याला भोकं पाडून."

"खोकं माझं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मॅडम, एक मिनिट हं." पुन्हा सनई. मग एका वयस्क बाईंचा आवाज आला. त्या बहुधा त्या मुलीच्या वरच्या साहेब असाव्यात.

"मी फोटो बघतेय तुमचा," त्या सावकाश म्हणाल्या. "बाई, आमच्या दिव्यात सगळ्या चांदण्या एकसारख्या असतात. गोल, हिरव्या, ओळीने. अशा नसतात. ही... ही आमची वस्तू असूच शकत नाही."

"तेच तर मी सांगतेय!"

"बरोबर आहे तुमचं. तुमचं पार्सल चुकून दुसऱ्याच कुणाकडे गेलं असणार. होतं असं. पैसे परत करतेय मी." बोटांचा टकटक आवाज आला. थांबला. फोन मात्र बंद झाला नाही. मग आवाज एकदम खाली आला, साहेबाचा न राहता कुणाच्या तरी आईचा झाला. "अहो, त्या अगदी बारीक आहेत ना कोपऱ्यात... त्या कुठल्या सुईने पाडल्यात?"

आईने सांगितलं. सुई कशी धरायची, खोक्याला आतून टोचायचं की बाहेरून, सगळं सांगितलं. पलीकडच्या बाई 'हं, हं' करत लिहून घेत होत्या, आणि आईला वाटलं, एवढी थोरली कंपनी, एवढी बटणं, एवढ्या नोंदी, आणि या सगळ्याच्या तळाशी कुणीतरी पोराला झोपवायचं बघतंय.

ताटल्या पुन्हा थरथरल्या. पैसे आले होते.

त्या संध्याकाळी दिवे गेले. नुसत्या इमारतीतले नाहीत, गावातले सगळेच. आई गच्चीवर वाळत घातलेले पडदे काढायला चाचपडत निघाली, तर मुंगी तिच्या ओढणीचं टोक धरून मागे. अंधाराला ती आता फारशी मोजत नव्हती.

गच्चीचं दार उघडलं आणि दोघी उंबऱ्यातच थांबल्या.

आईला आठवेना, तिने शेवटचं वर कधी पाहिलं होतं. लग्नाआधी असेल. जाड्या, मधल्या, केसासारख्या सुईने टोचलेल्या. कुठे दाटी, कुठे मोकळं. गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, आणि पुढेही, जिथवर मान वळेल तिथवर. हातातला पडदा कधी खाली घसरला ते तिला कळलं नाही.

मुंगी मान मागे टाकून बघत होती. मुंगी गप्प असली की घरात सगळे घाबरायचे, पण आत्ता आईच्या ते ध्यानातही आलं नाही.

मग ओढणीला हिसका बसला. मुंगीने अगदी दबक्या आवाजात, कुणी ऐकलं तर परत न्यायला येईल अशा धास्तीने विचारलं,

"आई, हे सगळं आपलंच आहे, की दुसऱ्या कुणाचं चुकून आपल्याकडे आलंय?"