चंद्री हाकेला येते

गणपतरावांच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. चहा झाला का, एवढं विचारलं तरी गल्लीच्या टोकाला कळायचं. त्यामुळे सहा वर्षांच्या तेजस्वीला कमी ऐकू येतंय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पावसाळ्यात तिला सर्दी झाली, गेली, पुन्हा झाली. शाळेच्या बाईंनी वहीत 'लक्ष नसते' असा शेरा मारला आणि नात हट्टी झाली, असा निकाल गणपतरावांनी देऊन टाकला.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मालकाच्या मोटारसायकलमागं पळवतात. गणपतरावांची चंद्री त्यात नावाजलेली. यंदा गाडीच्या टाकीवर तेजस्वीला बसवायचं, असा शब्द त्यांनी दिला होता. तिनं आठवडाभर खपून चंद्रीसाठी कवड्यांची माळ ओवली.

पाडव्याच्या सकाळी ती गोठ्याकडं पाठ करून शेवटची गाठ मारत बसली होती. चंद्रीच्या सरावात ओरडून ओरडून गणपतरावांचा घसा पार बसला होता. त्यांनी त्याच घशानं मागून तीनदा नातीला हाक मारली. पहिल्याच हाकेला चंद्री उठली. तेजस्वी जागची हलली नाही.

"म्हस हाकेला येती आन नात येत न्हाय. ऱ्हा मग घरात," असं म्हणून त्यांनी किक मारली.

सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या गाडीचा दणदणाट मात्र तिला ऐकू आला. माळ घेऊन ती फाटकापर्यंत धावली, तोवर गाडी आणि म्हैस वळणापलीकडं गेली होती. ती फाटकापर्यंत धावल्याचं संध्याकाळी कळलं, तेव्हा गणपतरावांनी तेवढंच धरून ठेवलं. गाडी ऐकू येते आणि आजा ऐकू येत नाही, म्हणजे नाटकंच की.

चार दिवसांनी सून क्रांती तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. नाटक उघडं पडताना बघायला गणपतरावही गेले. बाईंनी तपासून सांगितलं, की सर्दीमुळं कानाच्या पडद्यामागं पाणी साठलंय. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं जसं कानावर येतं, तसं तिला ऐकू येतं. बहुतेक मुलांचं आपोआप ओसरतं, तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

"तोवर लांबून हाका मारू नका. समोर बसा, तोंड दिसू द्या आणि मग बोला."

"पाडव्याला बी असंच हुतं?" गणपतरावांनी विचारलं.

"त्याच्या आधीपासूनच असणार."

दुसऱ्या दिवसापासून शेजारची बायडाबाईसुद्धा पाट घेऊन तेजस्वीसमोर बसू लागली, आणि समोर बसून पूर्वीइतकंच ओरडू लागली. गणपतरावही बसायचे. पण तिचे डोळे एवढ्या जवळून बघितले की त्यांना फाटकातली पोर दिसायची आणि मनातलं सोडून ते अभ्यासाचं विचारायचे. गावभर आवाज करणाऱ्या माणसाच्या तोंडून दोन शब्द निघत नव्हते. फार वाईट वाटायचं त्यांना.

शेवटी त्यांनी आपल्या सोयीची वाट काढली. संध्याकाळी ते चंद्रीला धुवायचे तेव्हा तेजस्वी पलीकडं पाठ करून अभ्यास करत असायची. म्हशीच्या आडून ते हळूच म्हणायचे, "चुकलं माझं, तेजू." म्हटल्याचं समाधान व्हायचं आणि ऐकणारं कुणी नसायचं. चंद्री तेवढी कान हलवायची. असं रोज चाललं.

माघात एका संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं म्हटलं, तर पलीकडून मान न वळवता तेजस्वी म्हणाली, "आठ दिस झालं ऐकतोय आबा. मला वाटलं, म्हशीला म्हंताय."

गणपतरावांच्या हातातला काथ्या खाली पडला. "तुलाच म्हंतोय, बाळा."

तेजस्वीनं वही मिटली आणि वळून बसली.

"मग समोर बसून म्हणा की. डॉक्टरांनी सांगिटलंय न्हवं?"

गणपतरावांनी बादली पालथी घातली आणि तिच्या समोर बसले.