काळे बाण

पाट्या रंगवणाऱ्या एकोव बेंत्सिलमास्तरांचं म्हणणं असं, की एसाक्रो गाव बघायला वाटाड्या लागतच नाही. वाटाडे बोलतात फार, त्यातलं निम्मं खोटं, आणि शेवटी नेऊन बसवतात ते आपल्याच मेहुण्याच्या खानावळीत! त्यापेक्षा भिंतींवर बाण काढावेत. बसतळावर उतरावं आणि बाणामागे चालावं. आधी ढोल कोरणाऱ्याचं अंगण, मग निशाणं शिवणारे दाद्झीबाबा, मग कापड रंगवणाऱ्या बायका आणि शेवटी आसाफोचं देऊळ, म्हणजे तो सिमेंटचा सिंह आणि त्याच्या डोक्यावरचं विमान. "आंधळासुद्धा चुकायचा नाही," असं ते भेटेल त्याला सांगत. रंगही त्यांनी होड्यांना लावतात तो आणला होता. समुद्राला दाद देत नाही, तो पावसाला काय देणार?

अडचण एकच होती, कोणता रंग? गावात आसाफोच्या, म्हणजे जुन्या गावसेनेच्या, तीन तुकड्या. पूर्वी लढाऊ होत्या, आता नुसत्या भांडकुदळ आहेत. लाल पहिलीचा, निळा दुसरीचा, पिवळा तिसरीचा. एकीचा रंग दुसरीच्या गल्लीत दिसला की डोकी फुटलीच म्हणून समजा. मास्तर वडिलांकडून दुसरीतले, बायको अराबा तिच्या वडिलांकडून पहिलीतली, त्यामुळे घरात साधा टॉवेल आणायचा तरी बैठक बसे. मास्तरांनी पुष्कळ डोकं खाजवलं आणि काळा रंग निवडला. काळा कोणाच्याच मालकीचा नाही! या हुशारीवर ते इतके खूश झाले, की काळ्याचा मालक कोण हे त्यांना आठवलंच नाही.

ते आठवलं बाण काढून झाल्यावर, सासूबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा. अजोवा एसुमानबाई म्हणजे घराण्याचा दरारा. लग्न झाल्यापासून त्यांनी मास्तरांना कधी नावाने हाक मारली नव्हती. त्यांच्या लेखी ते 'तो रंगारी' होते. शनिवारी त्यांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे अराबाच्या मामांचा अंत्यविधी होता, आणि गावात काळा हा शोकाचा रंग. आज बाईंचे डोळे भरलेले होते.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, आणि मास्तरांनी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी जावई उभा आहे की काय म्हणून. "बसतळापासून काळे बाण! माझ्या भावाकडे येणारं माणूस वाट चुकू नये, हे तुम्हाला न सांगता सुचलं. माझ्या पोटच्या पोरांना नाही सुचलं."

मास्तरांनी तोंड उघडलं. अराबाने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "मामांसाठी एवढंही नको करायला?"

त्या रात्री त्यांना केंकेचा घास गिळवेना. कारण त्याच शनिवारी पर्यटन कचेरीच्या ओतूबाई पाहुणे घेऊन बाणांमागून चालायला येणार होत्या. आधी हिशेब सोपा होता. पाहुणे आपले आपण चालतील, आपण मामांच्या कार्याला बसू. आता एकाच बाणामागे दोन वराती येणार होत्या! आणि खरं कळलं, तर आयुष्यात एकदाच मिळालेलं 'जावईबापू' परत जाणार होतं. ते जाऊ देणं मास्तरांना शक्य नव्हतं.

पहाटे त्यांना तोडगा सुचला. कडुनिंबाच्या तिठ्यावर रस्ता फुटतो, तिथून त्यांनी डावीकडे एसुमानांच्या घरापर्यंत नवे बाण काढले. डाव्या बाणावर शोकाच्या कापडावर उमटवतात ती नक्षी काढली, म्हणजे शोकाला आलेले तिकडे वळतील. उजव्या बाणावर छोटासा ढोल काढला, म्हणजे कलेचे पाहुणे ढोलवाल्याकडे जातील. अराबाने विचारलं, "आणि उलटं समजले तर?" मास्तर हसले.

शनिवारी सासूबाईंनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मांडवातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ताकोराडीच्या नातेवाइकांची बस कधीच येऊन गेली होती, पण बसमधलं एकही माणूस दिसत नव्हतं. सासूबाई मान वळवून रस्त्याकडे बघत, मग मास्तरांकडे बघत.

तेवढ्यात माणसं आली. सगळ्यांत पुढे पिवळ्याधमक झग्यात ओतूबाई! नक्षी तिथे कला, असं समजून त्या डावीकडे वळल्या होत्या. रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून त्यांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, पाहुण्यांसह खुर्च्यांवर बसल्या, पाणी प्यायल्या. घराण्याच्या वतीने बोलायचा मान असलेल्या बोलक्याने येण्याचं कारण विचारलं.

"आम्ही बेंत्सिलमास्तरांच्या कार्यासाठी आलो," ओतूबाई म्हणाल्या.

बोलक्याने ते लगेच ध्वनिक्षेपकावर जाहीर केलं, की जावयाच्या शब्दाखातर थेट राजधानी अक्राहून माणसं आली आहेत. सासूबाईंची मान ताठ झाली. ओतूबाई मास्तरांकडे झुकल्या. त्यांनी हळूच विचारलं, हे असं नेहमी असतं का? "शनिवारी असतं," एवढंच मास्तर कसंबसं म्हणाले. पुढच्याच क्षणी लघवीचं निमित्त करून ते मांडवाबाहेर पळाले.

ताकोराडीकर ढोल बघून उजवीकडे गेले होते. ढोल वाजतो तिथेच शोक, यात त्यांचं काय चुकलं? ढोलवाल्याच्या अंगणात ते रडून आले होते, नाचून आले होते आणि जिनची बाटली ठेवून आले होते. आता ते सगळे दाद्झीबाबांच्या दारात गळा काढून बसले होते. बाबांनी आतून कडी लावली होती. मास्तर खिडकीशी गेले.

"मास्तर, खरं सांग," बाबा कुजबुजले. "मी कधी गेलो?"

मास्तरांनी त्यांना ते जिवंत असल्याची शपथेवर खात्री दिली आणि सगळ्या लोकांना मांडवात आणून घातलं. आता आपलं बिंग फुटणार म्हणून त्यांनी डोळे मिटले. पण ताकोराडीच्या म्हाताऱ्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि सांगितलं, की मयताच्या मित्रांच्या दारोदार नेऊन मग मांडवात आणतात, असा थाट त्याने जन्मात पाहिला नव्हता. सासूबाई उठल्या. भर मांडवात त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि म्हणाल्या, "हे माझे जावई."

मास्तर रडले. मामांसाठी रडताहेत असं लोकांना वाटलं.

आठवडाभर ते गावातून तरंगत चालत होते. पुढच्या शनिवारी ओतूबाईंचा नकाशा छापून आला. शेवटचं ठिकाण म्हणून त्यात, जिथे त्या पोटभर जेवून गेल्या होत्या ते एसुमानांचं घर होतं, आणि खाली टीप होती: दर शनिवारी, जेवणासह.

त्या दुपारी सासूबाई ओसरीवर एकट्याच कसावा सोलत बसल्या होत्या. अनोळखी माणसांची रांग आत आली. त्यांनी उजवीकडून सुरुवात केली, म्हणजे सासूबाईंपासूनच, आणि त्यांच्यावरच संपवली. जड चेहऱ्यांनी सगळ्यांनी त्यांचं सांत्वन केलं. मग बसले आणि ताटांची वाट बघू लागले.

थोड्याच वेळात मास्तरांच्या घरी निरोप आला. "त्या रंगाऱ्याला पाठवा. पुसायचं काहीतरी घेऊन ये म्हणावं."

मास्तर रॉकेल आणि चिंध्या घेऊन धावत गेले. संध्याकाळपर्यंत घासत राहिले. पण रंग खरोखरच उत्तम होता.