दिनकरआण्णाची चालू कुस्ती

साल दोन हजार चोवीस. आमचा दिनकरआण्णा तेव्हा बाहत्तर वर्षांचा, आणि कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला निघाला तो लंगोट घेऊन. बाकीचे कोट घालून येतात. हा गडी दरवर्षी पिशवीत लंगोट टाकतो. का, तर त्याची एक कुस्ती अजून चालू हाय.

कॉलेजात कुस्तीच्या फायनलला समोर हातकणंगल्याचा रसूल होता. दोघं एकाच तालमीतले. अंधार पडला तरी कोण पडंना, म्हणून पंचांनी बरोबरीत सोडवली. आण्णाला ते मान्य नाही. "अंधार पडला म्हंजे निकाल लागला व्हय?" पुढं कुस्तीच्या जोरावर साखर कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, पोरं पुण्याला गेली, बायको वारली. काय चाललंय आण्णा, म्हणून विचारा. "कुस्ती."

मी चौथी नापास, पण त्या कॉलेजच्या कँटीनला जन्मभर माझ्याच म्हशींचं दूध गेलंय. मेळाव्याला मला अडवायची कुणाची छाती नाही. दरवर्षी बघतोय. जेवणाआधी दोघं म्हातारे लंगोट लावून मातीत उतरतात, हात मिळवतात, मानेवर हात टाकून रेटारेटी करतात. दम लागला की रसूल म्हणतो, "दिन्या, फुडल्या साली." मग एकाच ताटात मटण हाणतात.

त्या साली रसूल सुनेला धरून आला. लकवा मारलेला. उजवा हात नुसता लोंबत होता. अध्यक्षांनी माइकवर जाहीर केलं, दोघंही विजयी, ही घ्या ढाल. टाळ्या पडल्या. रसूल म्हणाला, "दिन्यालाच द्या. मी हरलो. मिटलं."

आण्णा लालबुंद. "कुणाला इचारून हरलास रं?"

ढाल घेतली नाही, मटणाला शिवला नाही. माझ्या गाडीवर मागं बसला. बावड्यात आमच्या घरापाशी आलो तसं मीच म्हटलं, "जिंकलास की आण्णा."

"मग आता मी करू काय?" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढून होतात न होतात, तोवर गोठ्यात हजर. हातात तिळाच्या तेलाची बाटली.

"चल, हातकणंगल्याला सोड."

"आणि डेअरीला दूध कोण घालणार?"

"नासू दे की एक दिस!"

रसूलच्या घरी पुढच्या सोप्यात त्यानं बसकण मारली. तो लोंबता हात मांडीवर घेतला आणि तालमीत जोडीदाराला करतात तशी खांद्यापासून मालीश सुरू केली. रसूल काहीतरी बोलायला गेला.

"गप," आण्णा म्हणाला. "आधी बोटं हलीव."