सासूबाईंचा पाण्यातला चष्मा

सहल आखावी तर मीच, असं मी घरात नेहमी सांगतो. कुणी ऐकत नाही, ते सोडा. पण या वेळी प्रवाळाच्या बेटांवर जायचं ठरलं आणि मी सगळी सूत्रं हातात घेतली. सकाळी बोटीनं निघायचं, बेटांजवळच्या उथळ पाण्यात तोंड बुडवून रंगीत प्रवाळ बघायचे, संध्याकाळी घरी. बोट ठरली, डबे ठरले, सासूबाईसुद्धा तयार झाल्या. सासरे गेल्यापासून त्या पहिल्यांदाच उंबरठ्याबाहेर पडणार होत्या, त्यामुळे बायको दोन दिवस गुणगुणत फिरत होती.

आणि आदल्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघंच जाऊन या. मला चष्म्याशिवाय समोरचा माणूस दिसत नाही, पाण्यातले मासे कुठले दिसायला?"

बायकोचं गुणगुणणं थांबलं.

"आई," मी म्हणालो, "जावयाचं चष्म्याचं दुकान आहे ते काय शोभेला?"

मी त्यांना थेट दुकानात नेलं. डोळे तपासून घ्यायचं त्या कित्येक वर्षं टाळत होत्या, तेवढ्या काळात नंबर घोड्यासारखा उधळला होता. नव्या नंबरच्या काचा कापल्या, पाण्यात घालायच्या मास्कमध्ये आतून चिकटवल्या, घरी येऊन मास्क टेबलावर ठेवला आणि बजावलं, "वाळेपर्यंत हात लावू नका." मग अंघोळीला गेलो.

बाहेर येतो तो सासूबाई मास्क घालून हॉलच्या मधोमध उभ्या.

"जावईबापू, बला सगळं दिसतंय," त्या म्हणाल्या. मास्कमध्ये नाक बंद, त्यामुळे म चा ब आणि न चा द झालेला. "पख्यावर केवढी धूळ आहे. आणि तुबच्या डोक्यावरचे केस इतके कबी कधी झाले?"

"ते राहू द्या, आधी मास्क काढा."

"दिघत दाही."

डिंकाचा एक थेंब पट्ट्याच्या बक्कलमध्ये उतरून दगड झाला होता. मी कात्री आणली. सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"पट्टा कापाल तर खबरदार. उद्याची बोट आहे."

खरंच होतं. पट्टा गेला की मास्क गेला, आणि मास्क गेला की सासूबाई पुन्हा खिडकीतल्या खुर्चीत. मी स्वयंपाकघरात तेल शोधायला गेलो. तेवढ्यात बेल वाजली आणि दार त्यांनीच उघडलं.

दारात खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. त्यांना ऐकू जरा कमीच येतं.

"अहो ताई, हे काय?"

"बास्क," सासूबाई तोंडानं श्वास घेत म्हणाल्या. "बास्क!"

"गॅस? कधीपासून?"

"आत्ताच. जावयादं केलं सगळं."

हेडमास्तरांनी तेवढ्यात मला पाहिलं. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात तेलाची बाटली. ते मागच्या मागे वळले आणि जिन्यातून प्रत्येक दार बडवत उतरले, "बाहेर पडा सगळे! वरच्या जावयानं गॅस सोडलाय!"

आयुष्यात माझी एवढी जाहिरात कधी झाली नव्हती.

बघता बघता सगळी इमारत रस्त्यावर. कुणी टॉवेलवर, कुणी अर्ध्या दाढीवर. मी ज्याला त्याला समजावत होतो आणि जो तो माझ्यापासून लांब सरकत होता. अग्निशमन दलाची गाडी घंटा वाजवत कोपऱ्यावर वळली. या सगळ्यात सासूबाई शांतपणे रस्त्यापलीकडे बघत होत्या.

"त्या पाटीवर अक्षरं आहेत होय?" त्या हळूच म्हणाल्या. "बला इतके दिवस वाटायचं, वेलीचं चित्र आहे."

मीही त्या पाटीकडे वळून बघितलं.

दलाचे अधिकारी पुढे आले. "गॅस कुठे आहे?" हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी पहिल्यापासून सगळी हकीकत सांगितली. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, हसू मिशीत दाबलं आणि हातोड्यापासून करवतीपर्यंत काय काय वापरता येईल यावर त्यांची माणसं चर्चा करू लागली.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन बायको आली. तिनं गर्दी पाहिली, गाडी पाहिली, आईकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"दुसऱ्या बाजूचं बक्कल उघडून बघितलं का?"

तिनं पिशवी माझ्याकडे दिली, दुसरं बक्कल उघडलं आणि मास्क अलगद हातात आला. दुसरं बक्कल आहे हे मी विसरलो नव्हतो. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन्हींत फरक आहे.

दुसऱ्या दिवशी बेटांपाशी बोट थांबली. पाणी इतकं नितळ की बोटीची सावली तळाला पडलेली. लाइफ जॅकेट घालून, नावाड्याचा हात धरून सासूबाई शिडीवरून उतरल्या आणि त्यांनी तोंड पाण्यात घातलं. बायको त्यांच्या पाठोपाठ. बराच वेळ श्वासाच्या नळ्यांची टोकं तेवढी दिसत होती. मग सासूबाईंनी मान वर काढली, मास्क कपाळावर सरकवला. डोळे ओले होते, पाण्यानंच असतील.

"हरणाच्या शिंगांसारखे प्रवाळ आहेत," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आणि निळे मासे. शेपटीची पिवळी कडसुद्धा दिसते. जावईबापू, तुम्ही वर काय करताय? या की."

"आई," मी बोटीचा कठडा घट्ट धरून म्हणालो, "मला पोहता येत नाही."

"मग मला तरी कुठे येतं?" असं म्हणून त्यांनी मास्क खाली ओढला आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं.

नावाड्यानं काही न विचारता दुसरं जॅकेट माझ्यापुढे धरलं. मी शर्टाची बटणं काढायला लागलो. जमेल तितक्या सावकाश.